वरची कड

बारावीच्या प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी
मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलं: दहा पूर्णांक दोन.
बोलले काहीच नाही. डस्टर उचलला
आणि पुसलं, पण सावकाश.
सगळ्या शाळा करतात. मिरजेत आमच्या भांबळसरांनी
खोकून सांगितला होता आकडा.

मनामात फेब्रुवारी म्हणजे शमाल.
उत्तरेचा वारा खिडकीच्या फटीतून पिठीसारखी वाळू आणतो.
आमच्या शाळेला घंटा आहे, ती तासाची.
रविवार इथे शुक्रवारी येतो.
रोज प्रार्थना, मग मूल्यशिक्षण, वहीत व्याख्या:
विवेक म्हणजे काय, धैर्य म्हणजे काय, पाच गुण.
उदाहरणं सगळी दुसऱ्याच कुणाची तरी.

ह्या मुलांचे व्हिसे बापाच्या नोकरीला टाचलेले.
सहामाहीच्या मध्येच कुणी उठून जातं,
बाकावर कोरलेलं नाव इथे, मूल कोट्टायमला.
अशांच्या आत काय रुजवायचं, किती खोल,
मी एकदा स्टाफरूममध्ये विषय काढला होता.
कुटिन्हो बाई म्हणाल्या, "आधी पोर्शन संपव."

एक गोष्ट मात्र मी दरवर्षी जीव तोडून शिकवते:
द्रव गडद जांभळा, तळ दिसत नाही,
म्हणून वरची कड वाचा.
उभ्यानं वाचू नका. गुडघे वाकवा.
द्रव तुमच्या डोळ्यापर्यंत येणार नाही,
तुम्हीच खाली या.

परीक्षक बाई रिफ्फाहून आल्या, घाईत.
वीस मुलं. एकोणीस जणांचं दहा पूर्णांक दोन.
तिसऱ्या टेबलावर एल्दो कुरियाकोस:
दहा पूर्णांक नऊ. पुन्हा नऊ. मग आठ.
मी मागून जाताना थांबले. खाकरले.
भांबळसर, तुमचाच खोकला.
त्यानं वर पाहिलं, परत वाकला,
फरशीवर एक गुडघा टेकला
आणि दिसलं तेच लिहिलं. पेनानं.

चार गुण गेले.
बाप सित्रात वेल्डर, त्या चार गुणांवर
त्यानं बरंच काही मांडून ठेवलेलं.

"फळ्यावरचा आकडा पाहिला नव्हतास?"
"पाहिला, मिस."
"मग?"
"तो तुमच्या ब्युरेटचा असेल, मिस."
खोचक नव्हता बोलत. त्याला खरंच तसं वाटत होतं.

संध्याकाळी मी तिसऱ्या टेबलाशी बसले.
ब्युरेट पाण्यानं भरली, घड्याळ समोर ठेवलं.
तोटीखाली, काचेच्या बाहेरून,
एक थेंब. मग बराच वेळ काही नाही. मग एक.
लाकडावर तपकिरी डाग,
एका वर्षाचा नव्हे, थरावर थर.
म्हणजे किती मुलं इथे उभी राहून
दहा पूर्णांक दोन लिहून गेली!
गळती सांगणारा आकडा एकदाच आला,
त्याचेच आम्ही गुण कापले.

गुणपत्रक लाख लावून गेलेलं.
परीक्षक बाई फोनवर म्हणाल्या, मागचं उकरू नका.
प्रिन्सिपल सिस्टरांना सगळं सांगितलं, फळ्यासकट.
त्या बराच वेळ वाळू साचलेल्या खिडकीकडे बघत राहिल्या.
"लेखी द्या."
दिलं. त्याचं काय होईल, अजून कळलेलं नाही.
शुक्रवारी पापांगीकाराच्या वेळी
सगळे 'आम्ही' म्हणत होते. मी 'मी' म्हटलं.

आज नव्या बारावीचा पहिला तास.
तोटीला व्हॅसलीन लावून पाहिलं, थांबत नाही.
दोऱ्यानं चिठ्ठी बांधलीय: गळते.
फळा कोरा.
रुकय्या ओढणी सावरते, खाली बसते,
विचारते, "मिस, किती यायला हवं?"
"मला माहीत नाही," म्हणत मीही वाकते.
गुडघे कुरकुरतात.
जांभळ्याची वरची कड अजून हलतेय.
थांबू दे.