गुरुवारचा रविवार

कुपवाडच्या कारखान्यांना वीज वाटून दिली तेव्हा
आमच्या शेडच्या वाट्याला गुरुवार आला.
तेव्हापासून अकरा वर्षं
माझा रविवार चार दिवस उशिरा येतो,
तेलाचे डाग पडलेल्या शिळ्या पेपरासारखा.

राजुलची रिक्षा साडेसहाला.
पद्मजा आठच्या ठोक्याला हळदीच्या पेढीवर,
पोती मोजायला.
मग घरात मी, फ्रिजची घरघर
आणि एक अख्खा दिवस,
जो कुठं ठेवावा कळत नाही.

सायकल काढतो. गणपती पेठेतून खाली, घाटावर.
रविवारी म्हणे इथं पाय ठेवायला जागा नसते,
ट्यूबा, पोरं, पोरांना चड्डीला धरून उभे बाप,
पायऱ्यांवर पोह्यांचे डबे.
गुरुवारी फक्त भूपाल मगदूम,
वय शहात्तर,
पाठीला सुका भोपळा.
"आलास का रं, बिनरविवारच्या?"
मी उडी मारतो.
नदीला वार कळत नाही.
मगदूम म्हणतात, कळतो,
गुरुवारी ती वाडीकडं जरा घाईनं जाते.
पुलाच्या सावलीला शिवून मी परत फिरतो,
ते भोपळ्यावर रेलून, डोळे मिटून,
तिथंच.

दुपारी भडंग. आधी शेंगदाणे वेचून खातो,
कुणी ओरडायला नसतं.
टीव्हीवर सगळं एकदा होऊन गेलेलं.
रविवारी जिंकलेली मॅच पुन्हा जिंकतात,
सून पुन्हा त्याच जिन्यावरून पडते,
आणि एक बाई काचऱ्या करायचं यंत्र विकते,
इतक्या आर्जवानं
की एकदा मी उठून बटाटे बघून आलो.

खऱ्या रविवारी मी लेथवर.
तीन वाजता पद्मजाचा फोन,
"सागरेश्वरला आलोय, भावजींच्या गाडीतनं. हरण दिसलं!"
मशीनच्या आवाजात मला ऐकू येतं, कारण.
"कशाचं कारण?" मी ओरडतो.
ती हसते. मागं राजुल हसते.
मग रेंज जाते.

गेल्या गुरुवारी
राजुल पांघरुणातूनच म्हणाली, पोटात दुखतंय.
पद्मजानं पोट दाबून बघितलं,
मग माझ्याकडं बघितलं,
ओवा चारला आणि गेली.
गेटची कडी वाजली, तसं पोट थांबलं.
"पप्पा, नदी?"

मगदूमांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं
आणि पाठीचा भोपळा सोडला.
साठ वर्षांत सोडलेला कुणी बघितला नव्हता.
तिच्या पाठीला बांधला, गाठ दोनदा ओढून बघितली,
आणि स्वतः कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिले,
हात कुठं ठेवायचे ते न सुचून.
"तुम्ही या की, आजोबा!"
"मला कुठं येतंय, बाय?
इतकी वर्षं ह्योच पोहतोय."

ती पुलाच्या सावलीपर्यंत गेली नाही.
चार हात गेली.
पण चारही हात तिनं रात्री झोपताना मला मोजून दाखवले.

दुपारी तीच मॅच.
"आता बघ हां, कॅच सुटणार..."
"गप. सांगू नको."
मला माहीत होतं. मला माहीत आहे हे तिलाही माहीत होतं.
तरी दोघं गुडघे पोटाशी घेऊन बसलो,
आणि कॅच सुटला तेव्हा
खरोखर ओरडलो.

साडेसहाला पद्मजा आली.
दोरीवरचे दोन ओले टॉवेल बघितले,
एक माझा.
काही बोलली नाही.
हात न धुताच आमच्या मधे बसली, भडंग उचललं,
पिवळ्यावर पिवळं.
स्क्रीनवर तोच बॉलर तिसऱ्यांदा धावत येत होता.
"कोण जिंकतंय?"

मी राजुलकडं बघितलं.
"अजून काही सांगता येत नाही," ती म्हणाली.