राखण

ताळगावच्या पठारावर, तिसऱ्या मजल्यावर
माझी रात्रपाळी म्हणजे एका यंत्राची राखण.
बारा चंबू, मिनिटाला दीडशे हेलकावे,
चंबूत गढूळ पाणी,
पाण्यात एकेका पेशीचे जीव.

डॉ. इनासिया कुलासो यांनी पहिल्याच दिवशी
भिंगाखाली दाखवलं:
ही मये तळ्यातली, धडधाकट.
अंगभर केस. पुस्तकात पक्ष्माभिका म्हणतात,
पण केसच ते, वारा लागलेल्या भातासारखे.
दुभंगायची वेळ आली की कंबर आवळते,
दोन अर्धी दोन दिशांना पोहू लागतात,
पीळ पडतो, धागा ताणतो,
तुटतो.

आणि ही दुसरी. दोन जनुकं बिघडलेली.
केसाचा माल बुडाकडून शेंड्याला नेणारा
हमालच नाही हिच्यात. म्हणून टक्कल.
आतली कामं वेळेवर होतात,
केंद्रकाची वाटणी होते, कंबरही आवळते,
फक्त लांब जायला अंगात काही नाही.
चिकटलेल्याच वाढतात, पुन्हा आवळतात.
तीन, चार, एक माळच.
"ह्यांना दुसऱ्या कुणी हलवावं लागतं, शाबा."

ओहोटीला रायबंदरच्या धक्क्यावर
आमची चोडणची फेरी अशीच बसते.
दोर सुटलेला असतो, तरी हलत नाही,
मग इंजिन थरथरतं, पायाखालचा पत्रा थरथरतो
आणि चिखल तिला सोडतो.
वीस वर्षं त्या पत्र्यावर उभा आहे मी.

मंगळवारी रात्री दोनला वीज गेली.
जनरेटर दोनदा खोकला नि बसला.
यंत्र थांबलं तेव्हा कळलं
किती आवाज होता त्याचा.
बाहेर टिटवी.

बारा चंबू, हात दोन.
एकेक उचलून हलवत राहिलो,
आठव्यापाशी पोचलो की पहिल्याची काळजी.
दोन तास चाळीस मिनिटं.

सकाळी डॉक्टरांनी थेंब काचेवर घेतले, मोजले.
बऱ्याच सुटल्या होत्या.
"हा चौथा?"
"तेव्हा मनगट धरलं होतं."
त्यात माळाच माळा. त्या काही बोलल्या नाहीत.

वही उघडली. "हाताने हलवले," लिहिलं.
"वेग किती होता?"
मला आकडा सांगता येईना.
"कढत पेज निववतो तेवढा," म्हटलं.

पेन जरा थांबलं.
मग त्यांनी तेच लिहिलं.