वीस टक्के

आमच्या घरात दोन्ही पगार उंदरांवरच चालतात.
महिपत रात्रभर बी वॉर्डात, काठी नि बॅटरी घेऊन.
तीस मोजून दिले की त्याची हजेरी लागते.
मी दिवसा परळला, सातव्या मजल्यावर
त्यांच्याच चुलतभावंडांना बावीस डिग्रीत जपते.
पहाटे दारात गाठ पडते आमची.

नावं ठेवायची नाहीत, हा इथला पहिला नियम.
(दोन्ही अर्थांनी, असं तांडेल म्हणायचे,
आणि एकेकाला हळूच हाकही मारायचे.)
कानाला पाडलेलं भोक हेच नाव.
डावा कान एक, उजवा दोन, दोन्ही म्हणजे तीन.
यांना माणसाचा सांधेवात दिलाय.
अंगच अंगाला चोर समजतं,
पंजे सुजतात, खाणं सुटतं.
रोज दहाला वजन.
बावीस ग्रॅम. एकवीस. एकोणीस पूर्णांक चार.
वीस टक्के उतरलं की थांबायचं,
नीतिसमितीच्या कागदावर तसं ठरलंय:
म्हणजे सतरा पूर्णांक सहाला.
एसीच्या झोताने आकडा थरथरतो,
मी तळहाताचा आडोसा धरते,
समईला धरतात तसा.

मग रजिस्टर. शेवटचा रकाना: बलिदान.

वर गच्चीवरच्या काचेच्या खोलीत
वसईची जेनिता रुमाव
मोहरीच्या जातीची बोटभर रोपं वाढवते.
बिनसुईची सिरिंज पानाच्या पाठीला टेकवून दाबते,
भज्यांच्या कागदावर पडतो तसा
ओला डाग पसरत जातो.
"झाडाला रक्त नाही, मावशी, कुमक येत नाही.
ज्या घरात चोर शिरला
त्याच घराने काय ते करायचं."
दुसऱ्या दिवशी तिथे तपकिरी टिकली,
भोवतीचं पान हिरवंगार.
पेशी आपणहून मेली होती,
रोगाला खायला काही ठेवलं नव्हतं.
हातमोज्यांच्या खोक्यावर तिने पाच आऱ्यांचं चाक काढलं:
धोका दिसला की हे असं जुळतं, म्हणाली,
थोडंफार असलंच तुमच्या उंदरांतही. तुमच्यातही.

मी जिना उतरून खाली आले.
बलिदान हा शब्द त्या टिकलीचा आहे.
माझ्या रकान्यातल्यांना कोणी विचारलं होतं?
खाडाखोड चालत नाही, म्हणून जुनं तसंच ठेवलं
आणि पुढच्या ओळीपासून लिहायला लागले: मारला.
मारला. मारली. मारला.
तिसऱ्या दिवशी सरांनी बोलावलं.
ऑडिटला हा शब्द चालणार नाही, म्हणाले, रागावून नव्हे.
महापालिकेच्या वहीत हाच चालतो, सर,
असं माझ्या ओठांवर आलं, तिथेच राहिलं.

आणखी एक तिने दाखवलं.
मरायला टेकलेलं पान एक वास सोडतं,
तो पोचला की शेजारची पानं
रोग यायच्या आधीच कंबर कसतात.
कुपीचं बूच काढून नाकाशी धरलं तिने.
अगं, हा तर आमचा बाम!

मला बामला हात लावायची बंदी आहे.
वासाने उंदीर बिथरतात, आकडे बिघडतात.
पण काठी मारून मारून महिपतचा खांदा गेलाय
आणि पाठीमागे त्याचा स्वतःचा हात पोचत नाही.
कामावरून आणलेले हातमोजे चढवून
मी पहाटे चोळते.
"किती झाले?"
"एकतीस," तो उशीत तोंड खुपसून म्हणतो. "तुझे?"
"अजून वजनं व्हायचीत."

साबणाने दोनदा धुऊन, झगा बदलून,
डोक्याला टोपी घालून मी आत जाते.
तरीही पाचव्या पिंजऱ्यातला डाव्या कानाचा
सुजल्या पायांवर उभा राहतो,
जाळीला नाक लावून
माझ्या दिशेने मिशा हलवत राहतो.
मी त्याला उचलून काट्यावर ठेवते.
आडोसा धरते.
अठरा पूर्णांक एक.