सोळा हाका

जुनी अक्षरं घरच्या त्या एकाच कॉम्प्युटरला वाचता येतात.
ऑफिसातल्या नव्यावर उघडली
तर ‘चि. सौ. कां.’च्या जागी
नुसते चौकोन, कंस, डॉलरची चिन्हं.
आणि गिरगावातून प्रेसवाल्या लोटलीकरांचा फोन येतो
तो नेमका भर दुपारी,
मी फोर्टला सॉलिसिटरच्या नोटिसा टाइप करत असताना:
ताई, एक वेलांटी फक्त.

एका वेलांटीसाठी विक्रोळीला कसं जायचं?

म्हणून तीन रात्री टेबलाखाली बसले.
निळ्या सेटिंगच्या पडद्यावर
एक ओळ सापडली, ती चालू केली.
दुसरी, वीज वाचवणारी, बंद.
राउटरला बजावलं: बाहेरून हाक आली
तर घरभर ओरडून सांग.
तरी उठेना.
मग कळलं, हा बंद होताना पुरता बंदच होत नव्हता,
सकाळी लवकर उठता यावं म्हणून
झोपेचं सोंग घेऊन पडत होता.
झोपलेल्याला जागं करता येतं –
पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.
ते सोंग काढून टाकलं.

आता खरा झोपतो.
पंखा थांबतो, पडदा काळा.
फक्त पाठीमागे, वायर खुपसलेल्या भोकाशी,
मोहरीएवढा हिरवा दिवा.
एक कान जागा.

उठवायची रीत अशी:
आधी सहा वेळा घसा खाकरायचा,
मग त्याचं बारा अक्षरी नाव
श्वास न घेता सोळा वेळा.
पंधरा वेळा घेतलं तर ढिम्म.
शेजारच्याचं घेतलं तरी ढिम्म.

सगळं जमलं, आणि सकाळी पाहते
तर हिरवा दिवा गेलेला.
आबा.
बेस्टमध्ये चौतीस वर्षं मीटर वाचले माझ्या सासऱ्यांनी,
लालबागपासून कुलाब्यापर्यंत
जिन्याखालच्या अंधारात बॅटरी मारत.
निजण्याआधी घरातलं एकेक बटण बंद करत फिरतात,
मग देवाला नमस्कार.

चिठ्ठी लावली: हे बटण बंद करू नये.
वाचून म्हणाले, “वापर नसताना मीटर फिरणार?”
“चमचाभर जाईल दिवसाला.”
“चमच्याचं युनिट नसतं.”

मग त्यांना रीत समजावली, खाकरण्यापासून.
सोळा म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढला.
“लांज्याला आमच्याकडे रात्री
एका हाकेला ओ देत नसत.
भूत एकदाच हाक मारतं.
सोळा वेळा मारतं, ते घरचंच माणूस.”
आणि चिठ्ठी सोडवून पुन्हा लावली,
नीट, चारी कोपऱ्यांना टेप.

बुधवारी, फोर्टातून,
डब्यातली भेंडी जरा बाजूला सारून
मोबाइलवर अंगठा टेकवला.
काही नाही.
पोळीचा घास घेतला. काही नाही.
मग समोरच्या स्क्रीनवर घरचा पडदा,
मागे गेल्या दिवाळीचा आकाशकंदील,
डाव्या कोपऱ्यात पत्रिकांचं फोल्डर.

वेलांटी दिली. पाठवणार, तोच आबांचा फोन:
“मी समोर बसलोय. बाण आपला आपण फिरतोय.
घाबरलो नाही.
पण त्या पाटणकरांच्या पत्रिकेत
दशमीला शुक्रवार घातलायस.
भिंतीवर गुरुवार आहे.”

गुरुवार केला.
मग इकडूनच त्याला निजवलं.

संध्याकाळी घरी आले तर चिठ्ठीखाली
खिळ्याला टांगलेली वही, दोऱ्याला पेन्सिल.
मीटरवाल्याच्या ताठ आकड्यांत:
उठला १.४१. निजला २.०६.
आणि शेऱ्याच्या रकान्यात,
जागा पुरली नाही म्हणून शेवटी बारीक होत गेलेलं:
हाक ऐकू आली नाही. हा मात्र उठला.