पाचर

फळी सरळ आहे, असं दुकानदार म्हणाला होता.
एक डोळा मिटून मी तिच्या कडेवरून नजर टाकली,
तर मधोमध टेकाड.
जवभरच.
पण काचेला जवभर पुरतं.

दोनशे चाळीस लिटर पाणी,
त्यात वाळू, दगड, काचेचं स्वतःचं ओझं:
पावणेतीनशे किलो त्या टेकाडावर बसणार
आणि मग कधीतरी रात्री तीनला
टक्.
मागच्या टाकीने असंच केलं.
सकाळी गालिच्यावर मासे सापडले,
पेन्सिलीच्या सालपटांसारखे.

म्हणून चार शनिवार रंधा.
घरभर पाइनचा वास, कॉफीत भुसा.
सुतळीने कर्ण मोजले,
या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, मग उरलेले दोन,
गाठ गाठीवर आली.
गुण्या लावला, काटकोन चोख.
स्टँड बिनचूक झाला होता
कामाच्या टेबलावर.

खोलीत आणून ठेवला
तर तीन पाय टेकले आणि चौथा रुसला.

त्याचा दोष नाही.
झानडामचं आमचं हे घर
कुणा पणजोबांच्या काळी चिखलात ठोकलेल्या
ओंडक्यांवर उभं आहे,
आणि कालव्याकडचे ओंडके जरा लवकर थकले.
लीका लहान असताना तिची हरवलेली गोटी
शोधावी लागायचीच नाही, खिडकीखाली असायची.
गेरबेन सोडून गेला त्या वर्षी
गोटी जास्तच वेगाने पळते असं मला वाटायचं.
तसं काही नव्हतं. मी घड्याळ लावून पाहिलं होतं.

शेजारचे टेउनिस आले. वय ब्याऐंशी.
उभा जन्म खांब ठोकले, म्हणून कान गेलेले.
माझी पाणसळ त्यांनी उलटीसुलटी करून पाहिली
आणि परत दिली.
"हा बुडबुडा मालकाचं ऐकतो."
खिशातून पारदर्शक नळी निघाली,
नळीत पाणी, पाण्यात थोडा बिटाचा रस.
एक टोक माझ्या अंगठ्याखाली, या पायापाशी,
दुसरं त्यांच्या अंगठ्याखाली, तिकडे.
"सोड."
लाल रेघ वर गेली, खाली आली,
धावून आलेल्या माणसासारखी धापली
आणि थांबली.
त्यांच्या खुणेत आणि माझ्या खुणेत
अकरा मिलिमीटर.

"फरशी उखडू?" मी ओरडून विचारलं.
"उखड. मग घर उखड, मग गल्ली, मग अख्खा प्रांत."

ओकच्या दोन पाचरी, एकमेकींवर उलट्या.
हातोडी हलकी, दार वाजवावं इतकी.
लीका पोटावर पालथी, तोंडात बॅटरी,
पायाखाली कागदाचा कपटा सरकवत:
अजून जातो. अजून जातो.
अजून.
अडकला!

बाहेर आलेली टोकं कापायला मी करवत उचलली
तर म्हाताऱ्याने मनगट धरलं.
"शेपटी ठेव.
पुढच्या वर्षी ठोकायला काहीतरी हवं ना."

रात्री टाकी अर्धी भरली आणि फूटपट्टी घेऊन बसले.
एकोणीस. एकोणीस. एकोणीस.
एकोणीस आणि एक केस.
तो केस मी राहू दिला.

पाणी स्थिर झालं आणि मग दिसलं ते भलतंच:
त्या रेघेच्या वर खिडकीची चौकट कललेली,
आईचा फोटो कललेला, पुस्तकांचं कपाट कललेलं,
सोफ्याच्या टोकाला झोपलेली लीकासुद्धा.
इतकी वर्षं यात आम्ही सूप वाढत होतो
आणि ते सांडत नव्हतं.
काचेपलीकडे कालवा, दिव्यांखाली,
टाकीतल्या पाण्याइतकाच आडवा.

पाचरीच्या शेपटीवर पेन्सिलने तारीख घातली आहे.
येता-जाता करंगळी ठेचते.
मी शिवी हासडते
आणि वाकलेच आहे तर
कपटा सरकतो का पाहून घेते.