फुसका

नेब्रास्कात जुलैचा उजेड रात्री साडेनऊपर्यंत
काही केल्या निघत नाही, लोचट पाहुण्यासारखा.
पोरं तोवर गवतात लोळून लोळून हिरवी झाली,
मक्याची कणसं संपली,
मर्लीसमावशीचं बटाट्याचं सॅलड नेहमीप्रमाणे उरलं.

यंदा वात पेटवायची पाळी माझ्यावर.
बाबा गॅरेजात, दार ओढून, कुत्र्याला मांडीवर घेऊन,
रेडिओवर बेसबॉल मोठ्यानं लावून.
वाळवंटातल्या त्या दोन वर्षांचं कुणी काढत नाही.
कुत्रा घाबरतो, एवढंच सगळे म्हणतात.

पहिले चार वर गेले.
कलिंगडानं चिकटलेले चेहरे
क्षणभर लाल, मग निळे, मग पुन्हा आपापले.
पाचवा, सगळ्यात महागडा,
भावानं मिझुरीतून मुद्दाम आणलेला,
सुरसुरला
आणि गप्प झाला.

"कुणी जवळ जायचं नाही!"
मी ओरडले, हुबेहूब बाबांच्या आवाजात.
अकरा माणसं श्वास रोखून
एका पुठ्ठ्याच्या नळीकडे बघत उभी.
तेवढ्या शांततेत कुंपणापाशी काजवे दिसले.
केव्हाचे असतील कोण जाणे.

बराच वेळ गेला. गॅरेजचं दार करकरलं.
बाबा आले, हातात पाण्याची भरलेली बादली,
मागोमाग कुत्रा.
लांब चिमट्यानं नळी उचलून त्यांनी बुडवली,
बुडबुडे थांबेपर्यंत तिथंच वाकून राहिले.

मग माझ्या शेजारी गवतात बसले, गुडघे मोडत.
हात थरथरत होता. तो त्यांनी लपवला नाही.
"अजून किती आहेत?" विचारलं.
तीन, म्हटलं.
"बरं," म्हणाले. "सॅलड उरलंय ना?"