खंडणी

भायखळ्याच्या चर्चमागच्या खोलीत
सावळेबाई संडेस्कूलचा फळा भरायच्या:
पाप इतकं, ऋण इतकं,
आणि खाली, खडू दाबून, उत्तर: रक्त.
ख्रिस्तानं आपल्यासाठी खंडणी भरली, त्या म्हणाल्या.

खंडणी मला ठाऊक होती.
दर पाच तारखेला नागपाड्यातल्या आमच्या दुकानात
ती न्यायला दिग्या यायचा,
स्टुलावर बसून पाय हलवत राहायचा,
आणि पप्पा शिलाई मशीनच्या पोटातून हात काढून,
तेल पुसून, नोटा मोजायचे.

मी हात वर केला:
बाई, कुणाला भरली?
स्टुलावर कोण बसलं होतं?

बाईंनी मला बाहेर, नळाजवळ उभं केलं.
थोडीफार मी अजून तिथेच उभी आहे.

त्या एप्रिलात एका रात्री, शटर अर्धं ओढलेलं,
दिग्या आत येऊन कोसळला.
त्याच्याच माणसांनी पोटात काही खुपसलं होतं.
समोरच्या पानवाल्यानं दिवा मालवला.
पप्पांनी विचारबिचार केला असं मला वाटत नाही.
पोराला उचलावं तसं त्याला छातीशी उचललं,
टॅक्सी थांबेना, तर हातगाडीवर घातलं
आणि नायरपर्यंत
जखम दाबून धरत धावत गेले.

परतले तेव्हा सदरा छातीपर्यंत भिजलेला.
आई म्हणाली, अहो, लुटत होता तो आपल्याला,
पोरींचा तरी विचार करायचा.
पप्पा म्हणाले, एकटा होता गं.

मग मोरीत बसून ती सदरा घासत राहिली.
मीठ, लिंबू, रॉकेल. रागानं, पहाटेपर्यंत.
डाग गेला नाही.

रक्त मला तेव्हा कळलं.
कुणी मागितलं नव्हतं ते.
त्यानं कुणाचा कोप निवला नाही,
कुठल्या वहीत ते जमा झालं नाही.
जवळ गेलं की लागतं,
एवढंच.

दिग्या वाचला का, माहीत नाही.
पुढच्या पाच तारखेला दुसराच कुणी स्टुलावर बसला
आणि पप्पांनी हात पुसून नोटा मोजल्या.

आता त्या खोलीत मी शिकवते.
झावळ्यांच्या रविवारी उबाळ्यांची सलोमी विचारते,
बाई, देव इतका रागावला होता का?

फळा कोरा. खडू हातात तसाच.
मी पिशवीतून सदरा काढून टेबलावर पसरते.
ती डागावर बोट ठेवते, मग उचलून
खिडकीकडे धरते.
बाई, इथे कापड विरलंय,
पलीकडचं दिसतं.

हो, मी म्हणते.
तिथे आईनं घासलं.